सुंठ-काकवीचा विलायती केक : पार्किन

केक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? कापसासारखा मऊ, पांढराशुभ्र, वर गुलाबी आयसिंगची फुलं आणि मधोमध मेणबत्ती! असा केक घरी करायचा म्हणजे अंडी फेसा, मैदा तीनदा चाळा, ओव्हनपुढे जीव मुठीत धरून बसा. एवढं करून तो मध्येच बसला, की घरातल्यांच्या थट्टेला ऊत! म्हणूनच केकच्या वाटेला न जाणाऱ्या गृहिणी अजूनही पुष्कळ आहेत. कुणाच्या घरी अंड्याला मज्जाव असतो, कुणाला मुलांच्या पोटात इतका मैदा जायला नको असतो, तर कुणाला वाटतं, ‘हे शिकलेल्यांचं, क्लास केलेल्यांचं काम. आपल्याला नाही बाई जमायचं!’

पण विलायतेतच एक केक असा आहे, की ज्याला ना फुलं, ना क्रीम, ना मैद्याचा हट्ट. दिसायला काळासावळा, हाताला थोडासा चिकट, चवीला खमंग आणि तिखटगोड. त्याचं नाव पार्किन. ओट्सचा जाड भरडा, उसाचा काळा पाक आणि भरपूर सुंठ ही त्याची त्रिमूर्ती. काही जणी त्यात एखादं अंडं घालतात, पण त्यावाचून अडत मुळीच नाही. रामनवमीच्या सुंठवड्याचा स्वाद ज्यांना आवडतो, त्यांना हा केक पहिल्या घासालाच ओळखीचा वाटेल.

आणि गंमत म्हणजे हा केक ज्या दिवशी भाजायचा, त्या दिवशी खायचा नाही! तो लोणच्यासारखा मुरवावा लागतो. पाहुणे येण्याच्या आधी चार दिवस, सवडीनं, दुपारी करून ठेवायचा. सणासुदीच्या धावपळीत आपल्याला याहून सोयीचं दुसरं काय हवं?

तिथली ओट्स, इथली नागली

पार्किन हा लंडनच्या बड्या घरांतला केक नव्हे. तो उत्तर इंग्लंडचा, म्हणजे यॉर्कशायर आणि लँकेशायर या भागांतला. तिकडची हवा थंड आणि पावसाळी, जमीन डोंगराळ. गहू तिथं नीट पिकत नसे. पिकत ती ओट्स. त्यामुळे भाकरी ओट्सची, पेज ओट्सची आणि गोडधोड करायचं तर तेही ओट्सचंच! दक्षिणेतले गहू खाणारे लोक या धान्याला नाकं मुरडत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन या पंडितानं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्यात ओट्सचा अर्थ देतानासुद्धा त्यानं चिमटा काढलाच: इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं त्यावर जगतात!

वाचताना आपल्याला नागलीची आठवण येत नाही का? आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या डोंगरी, पावसाच्या मुलखात वर्षानुवर्षं नागली पिकते. शहरात आलो की मात्र आपण ती पापडापुरती ठेवली. नागलीची भाकरी पाहुण्यांपुढे ठेवायची आपल्याला शरम वाटायची. मग संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा कुठे तीच नागली सुंदर पाकिटांतून दुकानात मानानं बसली. तिकडे ओट्सचंही तेच झालं. एके काळचं गरिबाचं धान्य आज आपल्याकडेही वाण्याच्या फळीवर चढ्या भावानं विकलं जातं.

पाकाचीही अशीच गोष्ट. ऊस तिकडे होत नाही. दूर देशांहून जहाजांनी आलेली कच्ची साखर इंग्लंडातल्या कारखान्यांत शुद्ध होई. पांढरी साखर श्रीमंताघरी जाई आणि उरलेला काळा, दाट, किंचित कडवट पाक स्वस्तात मिळे. त्याला तिकडे ट्रीकल म्हणतात. डोंगराळ मुलखातल्या बायकांनी हाच पाक आणि हाच भरडा घेऊन आपल्या मुलांसाठी केक केला.

आणि सुंठ? ती तर आपल्याच बाजूची. इंग्रजीतल्या ‘जिंजर’ या शब्दाचा माग काढत गेलं, तर लॅटिन आणि ग्रीक ओलांडून तो आपल्या ‘शृंगवेर’ या जुन्या शब्दाशी जाऊन भिडतो. तेव्हा पार्किनमध्ये विलायती असं म्हणायचं ते ओट्स तेवढे. बाकी सारं आपल्या ओळखीचं!

पाच नोव्हेंबरची होळी

पार्किनचा खास दिवस म्हणजे ५ नोव्हेंबर. १६०५ साली या दिवशी लंडनला मोठा कट उघडकीला आला. राजा आणि पार्लमेंट एकदमच उडवून द्यायचं म्हणून सभागृहाच्या खाली दारूची ३६ पिंपं भरून ठेवली होती. त्यांची राखण करणारा गाय फॉक्स पकडला गेला. राजा वाचला म्हणून लोकांनी जागोजागी शेकोट्या पेटवल्या, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या रात्री होळी पेटते, फटाके उडतात. आपल्या होळीला जशी पुरणाची पोळी, तसा उत्तर इंग्लंडात या होळीला पार्किन. कडाक्याच्या थंडीत शेकोटीभोवती उभं राहून सुंठेचा घास खायचा, म्हणजे अंगात ऊब येते.

केवळ शेकोटीपुरताच तो नव्हता. वर्डस्वर्थ या इंग्रज कवीचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याची बहीण डोरोथी रोज टिपणवही लिहायची. १८०० सालच्या नोव्हेंबरातल्या तिच्या नोंदीत, आज पाव भाजला, जेवण केलं आणि पार्किनही केले, असं अगदी सहज आलं आहे. भाऊ कविता लिहितो आहे आणि बहीण भट्टीशी! घरोघरच्या मातीच्या चुली सारख्याच, नाही का?

पुढे याच मुलखात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. लँकेशायरचं कापड म्हणजेच आपल्या पूर्वजांनी ज्याची होळी केली ते विलायती कापड. बहिष्कारानं आणि मंदीनं तिथल्या हजारो गिरणी कामगारांची कामं गेली. १९३१ साली महात्मा गांधी गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले, तेव्हा सप्टेंबर अखेरीस ते मुद्दाम लँकेशायरला, डार्वेन गावच्या परिसरात जाऊन या कामगारांना भेटले. गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरलं आणि त्यांचा जयजयकार केला. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. पार्किन हा त्या बायकांच्या मुलखाचा केक आहे. दिवसभर मागावर राबून आलेल्या बाईला आयसिंगची फुलं काढायला कुठली सवड? एका भांड्यात पातळ करायचं, दुसऱ्यात कोरडं मिसळायचं, दोन्ही एकत्र करून भाजायला लावायचं. झालं!

इंग्रजी खाणं नाशिकला काही अगदी परकं नाही. देवळाली कॅम्प आपल्या हाकेच्या अंतरावर. मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथं बोटीची वाट पाहत राहायचे. बोटी सुटायच्या थंडीच्या मोसमात. तो हुकला की पुढचे कित्येक महिने उन्हात काढायचे. त्या कंटाळ्यानं माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत, म्हणून ‘डुलॅली’ हा शब्दच इंग्रजी भाषेत जाऊन बसला. तो आपल्या देवळालीचाच अपभ्रंश आहे, बरं का!

बाजारातून काय आणाल?

ओट्स हल्ली कुठल्याही वाण्याकडे मिळतात. साधे, बिनसाखरेचे, बिनमसाल्याचे घ्या. मिक्सरमधून दोनदा फिरवून रव्याएवढे जाडसर ठेवा. पीठ करू नका. भरडा राहिला तरच दाताखाली येतो आणि तीच पार्किनची ओळख.

काकवी गुऱ्हाळाची, खात्रीची घ्या. साखर कारखान्यातली मळी ही वेगळी वस्तू. ती काळी दिसते म्हणून ट्रीकलच्या जागी चालेल, असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. ती खाण्यासाठी नसते. आपली काकवी म्हणजे उसाचा अख्खा रस आटवलेला. ती ट्रीकलपेक्षा गोड आणि सौम्य असते. म्हणून तिच्या जोडीला काळसर गूळ घालायचा, म्हणजे रंगही येतो आणि खमंगपणाही.

सुंठ शक्यतो अख्खी आणा. फार पांढरीफेक सुंठ चुन्यात घोळवलेली असते. मातकट रंगाची निवडा. ती खलबत्त्यात ठेचून मिक्सरमधून काढा आणि वस्त्रगाळ करा, म्हणजे दोरे राहत नाहीत. ओल्या आल्यानं हे काम होत नाही. आलं वाळताना त्यातल्या तिखट द्रव्याचं रूप पालटतं आणि ते अधिक झणझणीत होतं. त्यामुळे सुंठेची ऊब घशात रेंगाळते. तशी आल्याला रेंगाळत नाही.

साहित्य

१९७० साली कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ निघालं आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी रूढ झालं. आपणही तेच धरू. वाटी मध्यम, म्हणजे १५० मिलिलिटर पाणी मावेल अशी, चमचा चहाचा.

ओट्सचा भरडा २ वाट्या, कणीक २ वाट्या, काकवी १ वाटी, चिरलेला गूळ पाऊण वाटी, लोणी पाऊण वाटी (तूप घ्यायचं तर अर्धी वाटी भरून), दूध १ वाटी, ताजं दही ६ चमचे, सुंठपूड ३ चमचे, दालचिनीपूड अर्धा चमचा, जायफळ किसून चिमूटभर, २ लवंगांची पूड, खाण्याचा सोडा पाऊण चमचा सपाट, मीठ दोन चिमटी.

लहान मुलं असतील, तर पहिल्या खेपेला सुंठ दोनच चमचे घाला.

कृती

१. आठ इंची चौकोनी डब्याला आतून लोणी लावा आणि तळाला बटर पेपर घाला. ओव्हन १६० अंशांवर तापायला ठेवा.

२. कणीक, मीठ, सुंठ आणि बाकीचा मसाला एकत्र चाळा. त्यात ओट्सचा भरडा मिसळून मध्ये खळगा करा.

३. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी, गूळ आणि काकवी मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळला की लगेच उतरवा. उकळी येऊ द्यायची नाही. पाक पुढे गेला तर केक चिक्कीसारखा कडक होईल. खडा किंवा कचरा दिसला तर गाळून घ्या.

४. हे मिश्रण बोट सोसेल इतकं निवलं की खळग्यात ओता. पाऊण वाटी दूध घालून ढवळा. गुठळ्या मोडल्या की दही घाला.

५. उरलेल्या पाव वाटी दुधात सोडा विरघळवून शेवटी घाला आणि हलक्या हातानं एकजीव करा. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं सैल हवं. घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध आणखी. फार घोटू नका. सोडा घातल्यावर मैत्रिणीचा फोन आला तरी घेऊ नका. मिश्रण ताबडतोब डब्यात ओता. डबा निम्म्याहून थोडाच अधिक भरावा.

६. ४५ ते ५५ मिनिटं भाजा. पहिली ३५ मिनिटं दार उघडू नका. मग मधोमध विणकामाची सुई खुपसून पाहा. ती कोरडी निघाली आणि कडा डब्यापासून सुटू लागल्या की झालं. मध्ये किंचित खळगा पडला तरी घाबरू नका. पार्किनला ते शोभतं!

७. डब्यातच पूर्ण गार होऊ द्या. मग अख्खाच काढून बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कापायचा मात्र नाही!

ओव्हन नसेल तर

नसू दे. जुनं, जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाला बोटभर जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू पसरा, वर तिवई ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. वरच्या निम्म्या मापाचं मिश्रण सहा इंची गोल डब्यात घालून तिवईवर ठेवा आणि अगदी मंद आचेवर ५० मिनिटं ते एक तास भाजा. काकवी-गुळामुळे तळ लवकर करपतो, म्हणून डब्याच्या बुडाला दुहेरी कागद घालावा. रोजचा प्रेशर कुकर मात्र यासाठी वापरू नये. पाण्यावाचून तापवल्यानं तो खराब होतो.

मुरतो म्हणजे काय होतं?

पहिल्या दिवशी कापून पाहिलात तर म्हणाल, ‘हे काय, जरा कोरडंच लागतंय की!’ कडा कडक, आत ओट्सचा भरडा वेगळा आणि सुंठ नुसती तिखट. तीन दिवसांनी तोच केक ओळखू येत नाही.

त्याचं कारण सोपं आहे. काकवी आणि गूळ ओलावा धरून ठेवतात, हवेतलाही ओढून घेतात. पावसाळ्यात गूळ कसा पाझरतो, ते आपण पाहतोच. ओट्सचा जाड भरडा भाजताना पुरता भिजलेला नसतो. तो बंद डब्यात हळूहळू हा ओलावा पितो. वरची कडक साल सैल होते, मसाल्याचा वास आतपर्यंत भिनतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केक मऊ, ओलसर आणि थोडा चिकट होतो. उत्तर इंग्लंडातल्या बायका तर आठवडाभर डब्याला हात लावू देत नाहीत!

आपल्याकडे त्याला उत्तम काळ म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा. निफाडच्या पाऱ्याचे आकडे वर्तमानपत्रात झळकू लागले, की समजावं, पार्किनचे दिवस आले. त्या थंडीत तो आठवडाभर छान राहतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मात्र तिसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावा. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा न काढता सगळाच टाकावा.

काही शंका

नागलीचा होईल का? अवश्य! ओट्सऐवजी एक वाटी नागलीचं पीठ आणि एक वाटी बारीक लापशी रवा घ्या. रवा कोमट दुधात अर्धा तास भिजवून घ्यावा. कणीक दोन वाट्याच ठेवा, कारण नागलीला चिकटपणा नसतो आणि कणीक कमी केली तर केक भुगा होतो. रंग आणखी गडद येतो आणि चव अशी खमंग, की ओट्सची आठवण होत नाही.

पौष्टिक म्हणून कितीही खावा का? नाही हो! ओट्स, नागली, सुंठ चांगली खरी, पण गूळ आणि काकवी ही शेवटी साखरेचीच भावंडं. मधुमेहाच्या माणसांनी ‘गुळाचा आहे’ म्हणून हात सैल सोडू नये. बाकीच्यांनीही दोन इंची तुकडा चहाबरोबर खावा. तेवढ्यानं पोट भरतं.

बाहेरगावी पाठवता येईल का? हा तर त्याचा मोठा गुण. क्रीम नाही, फुलं नाहीत. चेपला तरी बिघडत नाही. पुण्या-मुंबईला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या डब्यात चिवड्याशेजारी थंडीच्या दिवसांत खुशाल द्या. त्याच्या हाती पडेपर्यंत तो मुरलेलाच असेल.

मैत्रिणींनो, घरात चांगलं-वाईट ठरवताना आपण पुष्कळदा रंगावर जातो. पांढरं ते पाहुण्यांचं, काळं ते घरच्यांचं. पांढरी साखर बशीत ठेवतो, काकवी फडताळात मागे सरकवतो. मैद्याच्या केकचं कौतुक आणि नागलीची लाज! तिकडच्या बायकांनी आपला काळासावळा केक न लाजता सणाला मांडला, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला आणि त्यांच्या मुलखाची ओळख झाला. आपल्या सासूबाईंना, आईला काकवीची पारख चांगली असते. त्यांनाच विचारून आणा, सुंठ त्यांच्याकडूनच कुटून घ्या. अंडं नाही, त्यामुळे देवघरापलीकडच्या त्यांच्या स्वयंपाकघरातही या केकला आडकाठी नाही.

तेव्हा येत्या सोमवारी दुपारी करून ठेवा. शुक्रवारपर्यंत डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी लपवा. सगळ्या कृतीतलं अवघड काम काय ते एवढंच! शनिवारी चहाला कुणाला तरी बोलवा आणि बशीत तुकडे मांडून नाव न सांगता पुढे करा. ‘हा कुठल्या बेकरीचा?’ असं विचारलं, तर खुशाल सांगा, घरच्याच काकवीचा आणि सुंठेचा आहे!